बुजरी घोडी आणि दहा कालवडी: वेदरफर्डचं दोन दिवसांचं शिबिर

काजळ ही माझी अकरा वर्षांची थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची घोडी. शर्यतींतून निवृत्त झालेली, पायांनी चपळ, मनाने भित्री. कचऱ्याच्या डब्यातली पिशवी फडफडली तरी बुजते. तीन वर्षं रिंगणात फिरवून जे जमलं नाही ते घोड्यावरून गुरं हाकायला शिकवणाऱ्या या शिबिरात सुरू झालं, म्हणून सविस्तर लिहितेय.

टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या पश्चिमेला, वेदरफर्डबाहेर एक छोटं रँच, म्हणजे गुरं पाळायचं शेत आहे. नवरा-बायको मिळून चालवतात. घरगुती काम आहे, त्यामुळे नाव-पत्ता उघड टाकत नाही. दोन दिवसांचे ४५० डॉलर, गुरांचे वेगळे ६०. घोडा कुठल्याही जातीचा चालेल असं त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच निघालं: आमच्यात दोन अरबी, एक अपालूसा, एक खेचर, बाकी क्वार्टर हॉर्स, म्हणजे गुरांच्या कामासाठी नावाजलेल्या अमेरिकन जातीचे घोडे.

पहिल्या सकाळी कुणीही पळवापळवी केली नाही. एका कुंपणात एकच कालवड, आणि तिच्यामागून नुसतं चालायचं. काजळ दारातच अडून फुरफुरायला लागली, तिची मान ताठ झाली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, टाच मारू नकोस, तिला बघू दे. पाचेक मिनिटं गेली. काजळने एक पाऊल टाकलं, कालवड दोन पावलं पुढे सरकली. काजळने कान टवकारले, पुन्हा पाऊल टाकलं, कालवड पुन्हा सरकली. आपल्यामुळे समोरचं जनावर हलतंय हे तिला कळलं तो क्षण मला खोगिरातून जाणवला. तिची पाठ सैल पडली. ज्या घोडीने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीपासून पळायचंच ठरवलं होतं, ती कालवडीच्या मागे स्वतःहून चालू लागली.

मग खांद्याचा धडा. गुराच्या खांद्यामागून जवळ गेलं की ते पुढे चालतं, खांद्याच्या पुढे गेलं की थांबतं किंवा वळतं. हे ऐकताना मला शहाद्याकडचं आमचं शेत आठवलं. आमचे गुराखी बाबा म्हशींना काठी न लावता, नुसते एका बाजूने दोन पावलं टाकून वळवायचे. त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण विद्या हीच.

दुपारी कालवडीच्या बरोबरीने चालायचं होतं. ती थांबली की थांबायचं, पाऊलभर मागे घ्यायचं, मग मागच्या पायांवर भार देऊन तिच्याबरोबर वळायचं. रिंगणात हेच मी लगामाने मागते आणि काजळ मान वर करून भांडते. इथे कालवड थांबली म्हणून ती थांबली, माझा हात हललाही नव्हता. थांबायला तिला कारण मिळालं होतं. हे शिबिर घ्यावं ते यासाठीच.

थरोब्रेडला हे काम जमेल का, असं मी भीत भीत विचारलं. बाईंनी डॉक बारचं उदाहरण दिलं. कटिंगच्या, म्हणजे कळपातून एक जनावर वेगळं काढण्याच्या खेळातल्या क्वार्टर हॉर्सच्या वंशावळीत ज्याचं नाव सतत येतं तो १९५६ साली जन्मलेला हा घोडा थ्री बार्सचा नातू, आणि थ्री बार्स थरोब्रेडच! मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रँच सॉर्टिंग. शून्य ते नऊ क्रमांक लावलेल्या दहा कालवडी, दोन स्वार. पुकारलेल्या आकड्यापासून सुरू करून एकेक कालवड ओळीने शेजारच्या कुंपणात काढायची. आकडा चुकला की डाव संपला. आम्ही चार काढल्या. काजळ फाटकात उभी राहून कळप अडवत होती, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता तक्रारी. माझ्या इंग्लिश खोगिराला पुढे धरायला खुंटा नाही, म्हणून त्यांनी वेस्टर्न खोगीर दिलं. ते रुंद पाठीच्या घोड्यांसाठी केलेलं होतं, काजळच्या खांद्यावरच्या उंच हाडाला टेकत होतं. जाड लोकरी पॅड घालून निभावलं, पण संध्याकाळी तिथले केस घासलेले दिसले. थरोब्रेडवाल्यांनी आपलं बसणारं खोगीर घेऊनच जावं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. चौदा स्वारांना दहाच कालवडी. रविवारी दुपारी त्या दमल्या, घोडा अंगावर आला तरी हलेनात. हलत नसलेल्या गुरासमोर भित्रा घोडा उभा केला तर सकाळी कमावलेला धीर जातो. मी तीन वाजता काजळला बाहेर काढलं. गुरं बदला किंवा माणसं दहापर्यंत आणा, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी ते मनापासून ऐकून घेतलं. पुढचं शिबिर दहाच स्वारांचं ठेवलंय. मी नाव नोंदवलंय. भित्रा घोडा असेल तर पहिला दिवस तरी नक्की करा. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गुरांकडे बघून ठरवा.