गायगर काउंटर, सात महिन्यांनंतर: नळी उत्तम, एककाचं सेटिंग डोक्याला ताप

किरणोत्सार मोजणाऱ्या या यंत्राचे गेल्या महिन्यात सेल बदलले आणि स्क्रीनवर ०.०१३ आलं. सहा महिने त्याच टेबलावर ०.१२, ०.१३ असंच दिसत होतं, म्हणून आतली किरणं टिपणारी नळी गेली असं वाटलं. किरण टिपला की होणारा क्लिकचा आवाज मात्र नेहमीसारखाच होता. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर "पाठवून द्या" एवढंच उत्तर. अठरा दिवसांनी यंत्र परत आलं, सोबत "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी, आणि तपासणीचे नि कुरिअरचे पैसे माझ्याच माथी. आकडा तोच! शेवटी भिंग घेऊन बसलो, तेव्हा कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'मिलिरॉन्टजेन प्रति तास' दिसलं. सेल काढले की हे यंत्र तुम्ही निवडलेलं एकक विसरतं. मी ठेवलं होतं मायक्रोसिव्हर्ट प्रति तास. १ मिलिरॉन्टजेन म्हणजे ढोबळमानाने १० मायक्रोसिव्हर्ट, म्हणून नेमका दहापट फरक. "एकक कुठलं दिसतंय?" एवढं फोनवर विचारलं असतं तरी माझे पैसे वाचले असते.

पुन्हा फोन केला, तर म्हणे, "दहाने गुणा, काय बिघडतं?" बिघडतं ना. रॉन्टजेन हवेतलं आयनीभवन मोजतं. ग्रे म्हणजे किलोमागे शोषलेली १ जूल ऊर्जा. सिव्हर्टमध्ये त्या ऊर्जेने शरीराला होणारा अपाय धरलेला असतो, तिथे अल्फा किरणांचं वजन गॅमाच्या २० पट. त्यात जुन्या यंत्रांवर रेम, १०० रेम म्हणजे १ सिव्हर्ट. एकक न बघता आकडा वाचला की चूक दहापट किंवा शंभरपटच होते. आकडा कुठून आला हेही बघावं लागतं. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुवीजकेंद्रात स्फोट झाला तेव्हा हाताशी असलेली यंत्रं सेकंदाला १००० मायक्रोरॉन्टजेनपर्यंतच मोजत होती. काटा टोकाला टेकला आणि वर कळवलं गेलं, ताशी ३.६ रॉन्टजेन. ती यंत्राची मर्यादा होती, खरी पातळी हजारो पटींनी जास्त होती.

आता माझंच एक मत बदलतो. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगायचो की मिनिटाचे क्लिक बघू नका, मायक्रोसिव्हर्ट बघा. आज उलटं सांगेन. नळीला फक्त क्लिक कळतात. माझ्या यंत्रात मिनिटाला १५४ क्लिक म्हणजे ताशी १ मायक्रोसिव्हर्ट, आणि हे गुणोत्तर किरणोत्सारी सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांवर बसवलेलं आहे. गॅसबत्तीची जुनी, किरणोत्सारी थोरियमवाली मेंटल (ज्योतीवरची जाळी) नळीला टेकवली, तर मिनिटाला ४०० च्या आसपास क्लिक आणि स्क्रीनवर २.६. मध्ये ३ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सरकवला, क्लिक सत्तरवर आले. अशा पत्र्यात बीटा किरणं बहुतेक अडतात, गॅमा पार जातात. म्हणजे बहुतेक क्लिक बीटाचे. त्यांना सीझियमच्या गॅमाचं गुणोत्तर लावून आलेल्या २.६ ला काय अर्थ?

मेंटलमध्ये किती बेक्वेरेल, असं बरेच जण विचारतात. सेकंदाला एका अणुकेंद्राचं विघटन म्हणजे १ बेक्वेरेल, आणि जुनं क्युरी म्हणजे ३७०० कोटी बेक्वेरेल, साधारण १ ग्रॅम रेडियमइतकं. ते हे यंत्र सांगू शकत नाही. मेंटल वीतभर लांब धरली की क्लिक जवळजवळ नेहमीच्या पातळीवर येतात, थोरियम तर तेवढंच आहे.

मनापासून आवडलं ते ठरावीक वेळ मोजण्याचं बटण. मिनिटाला सरासरी २० क्लिक असतील, तर एखाद्या मिनिटात १५ येतात, एखाद्यात २५, आणि नवखा माणूस घाबरतो. दहा मिनिटं मोजलं की २०० येतात, फरक साधारण १४ चा. रात्रभर लावून ठेवलं तर आकडा असा स्थिर होतो की बघत राहावं. वर्षाचा हिशेबही केला: ताशी ०.१३ धरून सुमारे १.१ मिलिसिव्हर्ट. नैसर्गिक किरणोत्साराची जागतिक सरासरी २.४ धरतात, पण त्यातला जवळपास अर्धा वाटा श्वासातून जाणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचा. तो टेबलावरच्या नळीला दिसत नाही.

नळीला पाचपैकी पाच, सॉफ्टवेअरला दोन. सर्व्हिसला मी काहीच देणार नाही. घेणार असाल तर दुकानातच सेल काढून परत घाला आणि कोपऱ्यात कुठलं एकक येतं ते बघा. मी मागच्या बाजूला चिकटपट्टीवर '१५४ क्लिक = १ मायक्रोसिव्हर्ट, फक्त सीझियम' असं लिहून ठेवलंय.