फ्लॅप पत्ता : डिसेंबर ते जुलै, आठ महिन्यांच्या वापरानंतर

डोळ्यांदेखत पत्ता बदलणारी जादू घ्यायची म्हटलं की पहिलं नाव फ्लॅप पत्त्याचं निघतं. समोर बदाम सत्ती असते, हात हलतो न हलतो तोच तिथे इस्पिक राजा. हा बदल व्हिडिओत दिसतो तितकाच प्रत्यक्षातही देखणा आहे, त्यात काही खोट नाही. पण व्हिडिओ एका कॅमेऱ्यासाठी केलेला असतो आणि बदल झाला की संपतो. माणसं तिथे थांबत नाहीत. "बघू, द्या इकडे" म्हणून हात पुढे येतोच. विकत घेताना विचार करायचा तो या हाताचा.

पत्त्याच्या चित्राच्या बाजूला मधोमध घडी असते आणि आत केसासारखं बारीक इलॅस्टिक. बोटाचा दाब सुटला की झडप, म्हणजे घडीवरचा अर्धा भाग, उलटते. साहजिकच असा पत्ता तपासायला देता येत नाही. खरा इस्पिक राजा आधीच कॅटच्या माथ्यावर ठेवायचा आणि बदल झाल्यावर टॉप चेंजने, म्हणजे हातातला पत्ता माथ्यावरच्या पत्त्याशी नकळत बदलून, फ्लॅप कॅटवर सोडून खरा राजा उचलायचा. त्या क्षणी प्रश्न विचारावा, समोरच्याची नजर आपल्या चेहऱ्यावर येते. टॉप चेंज हातात बसलेला नसेल तर फ्लॅप अजून घेऊ नये. नुसता बदल दाखवून पत्ता खिशात घातला तर शंका तिथेच पक्की होते.

घडीची रेघ हा दुसरा मुद्दा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली तिची बारीक सावली पडते आणि दोन हातांवरून ती दिसते. उजेड प्रेक्षकांच्या पाठीमागून आला तर रेघ विरून जाते, म्हणून हॉलमध्ये आधी आपली जागा ठरवावी. झडप उलटताना 'टक' असा आवाज येतो. नवीन इलॅस्टिक ताठ असताना तो जास्त असतो, पुढे कमी होतो.

हुरडा पार्टीला हा पत्ता नेऊ नये. माणसं गोल करून बसलेली असतात, बाजूच्याला झडपेची कड दिसतेच. शिवाय हुरड्याबरोबर शेंगा चटणी असते. तिचं तेल कागदात मुरलं की डाग निघत नाही, आणि असा गिमिक, म्हणजे जादूसाठी खास बनवलेला, पत्ता ओल्या फडक्याने पुसायची सोय नाही. अशा बैठकीला इन्व्हिजिबल डेक बरा. समोरच्याने मनात धरलेला एकच पत्ता कॅटमध्ये उलटा निघतो आणि चहूबाजूंनी बघितलं तरी चालतं. त्यात पत्ते पाठीला पाठ लावून जोडीजोडीने असतात आणि या जोड्या खरखरीत लेपावर टिकतात, म्हणून पत्ते सुळसुळीत करायची पावडर त्याला चुकूनही लावू नये. लेप गेला की जोड्या नको तिथे सुटतात. अगदी नवख्याने मात्र स्वेंगाली कॅटपासून सुरुवात करावी. २६ वेगवेगळे पत्ते आणि २६ एकसारखे, किंचित आखूड कापलेले. हात बसायला तो पुरेसा आहे.

आता सोलापूरच्या हवेबद्दल, कारण पत्ता खराब होतो तो इथेच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. गाडीच्या डिकीत ठेवलेला फ्लॅप दुपारभरात बिघडतो. गोंद सरकतो, इलॅस्टिक ढिलं पडतं आणि झडप मध्येच अडकते. प्रेक्षकांना तेव्हा अर्धी सत्ती आणि अर्धा राजा दिसतो. घरातही झडप ताणलेली ठेवू नये. ती सैल राहील अशा बाजूने, दोन साध्या पत्त्यांच्या मध्ये, कपाटात ठेवावी. जूनपासून दुसरीच अडचण. कागद दमट हवेत वाकतो, पण फ्लॅपमध्ये थर आणि गोंद जास्त असल्यामुळे तो बाकीच्या कॅटपेक्षा वेगळा वाकतो आणि माथ्यावर ठेवला की उठून दिसतो. रात्रभर जाड पुस्तकाखाली, अख्ख्या कॅटसकट दाबून ठेवला की सपाट होतो.

ज्या मापाचा आणि ज्या पाठीचा फ्लॅप, त्याच मापाचा कॅट हवा. बहुतेक गिमिक पत्ते बायसिकल कंपनीच्या 'रायडर बॅक' या नक्षीच्या पाठीचे आणि पोकर मापाचे, म्हणजे सुमारे ६३ बाय ८८ मिलिमीटर असतात. ब्रिज मापाचा कॅट ५७ रुंद असतो, त्यात फ्लॅप लगेच ओळखू येतो. पाठीचा रंग जुळला तरी मळ जुळत नाही. कॅट रोज हाताळला जातो, फ्लॅप पाकिटात पांढराशुभ्र राहतो. दोन्ही एकाच दिवशी उघडून सरावात बरोबरच वापरावेत.

सरावाला सोलापुरी चादर चौपदरी घडी करून टेबलावर अंथरली तर खास मॅट विकत घ्यायची गरज नाही. पत्ता सहज उचलता येतो, ठेवताना आवाज होत नाही. लांब पट्टा पसरताना मात्र विणीच्या उठावावर पत्ते अडखळतात, तेवढ्यासाठी साधं जाड कापड घ्यावं.

पार्सल आलं की लगेच दोन गोष्टी बघाव्यात. पत्ता डोळ्यांच्या रेषेत आडवा धरून कडा बाकीच्या पत्त्यांशी जुळते का, आणि झडप सलग वीस वेळा उलटल्यावर शेवटच्या वेळीही कडेपर्यंत जाते का. यातलं एकही बसलं नाही तर त्याच दिवशी परत पाठवावं.