जुन्या पायथॉनचा सपोर्ट कधी काढायचा: तीन वर्षांनी की पाच?

तुमची एक छोटी पायथॉन लायब्ररी आहे आणि टेस्ट अडकल्या की हटकून पायथॉनच्या सर्वांत जुन्या आवृत्तीवरच अडकतात. ती काढायची हे ठरलंय, पण कोणत्या हिशेबाने? सध्या दोन हिशेब रूढ आहेत.

पहिला खुद्द पायथॉनचा. आवृत्ती आल्यापासून पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, त्या थांबल्या की आपणही थांबायचं. दुसरा नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) आणि तिच्या गोतावळ्याचा, त्या नियमाचं नाव ‘स्पेक ०’: तीन वर्षं झाली की मोकळे. पायथॉन ३.१० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ ची. स्पेक ० म्हणतो, ऑक्टोबर २०२४ मध्येच सोडा. पाच वर्षांचा हिशेब तिला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सांभाळायला लावतो. दरवर्षी एक नवी आवृत्ती येते, म्हणजे एका वेळी पाचांवर टेस्ट चालवायच्या की तिनांवर, एवढाच फरक. लायब्ररी एकट्याने सांभाळणाऱ्या मेंटेनरला तो बराच जाणवतो.

पण वापरणारा कुठे बसलाय तेही बघा. उबुंटू २२.०४ या लिनक्सच्या आवृत्तीसोबत पायथॉन ३.१० च येते आणि त्या उबुंटूचा नेहमीचा सपोर्ट २०२७ पर्यंत आहे. तीन वर्षांचा नियम लावला की हे सगळे लोक मागे राहतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ या कंपन्यांसाठीच्या लिनक्समधली मूळ पायथॉन आवृत्ती तर ३.९, तिथे पाच वर्षंही पुरत नाहीत. त्यांच्यामागे मात्र धावू नका. जुनं चालू ठेवण्याचे पैसे रेड हॅट घेते, तुम्ही नाही.

माझं मत: कमांड लाइनचं साधन किंवा वेबसाठीची लायब्ररी असेल तर पाच वर्षं. नमपायवर उभी असेल तर तीन, कारण नमपाय २.१ मुळात ३.९ वर चालतच नाही, हट्टाने ३.९ ठेवलीत तर जुन्या नमपायवरही टेस्ट चालवत बसावं लागेल. जुन्यांसाठी वेगळी शाखा ठेवण्याचा तिसरा मार्गही आहे. जँगो या वेबसाठीच्या फ्रेमवर्कने पायथॉन २ वाल्यांसाठी १.११ ही आवृत्ती एप्रिल २०२० पर्यंत सांभाळली. पण त्यांच्याकडे माणसं होती.

खरी चूक होते ती वर्षं मोजण्यात नाही, ‘रिक्वायर्स-पायथॉन’ या एका ओळीत, म्हणजे लायब्ररीला कोणती पायथॉन लागते हे सांगणाऱ्या ओळीत. ती बरोबर असेल तर जुन्या पायथॉनवरचा पिप (लायब्ररी बसवणारं साधन) आपोआप तुमची शेवटची चालणारी आवृत्ती उचलतो आणि कुणाचं काही मोडत नाही. बदलायची राहिली, तर नवा कोड जुन्या पायथॉनवर बिनबोभाट बसतो आणि चालवताना सिंटॅक्स एरर देतो. पुढच्या रिलीजमध्ये ओळ दुरुस्त करूनही भागत नाही: जुन्या पायथॉनला ती नवी रिलीज चालणार नाही म्हणून पिप मागे जातो आणि नेमकी ती बिघडलेलीच उचलतो. ती पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून लायब्ररी उचलतो त्या साठ्यात, ‘यँक’ करावीच लागते, म्हणजे पिपने ती आपोआप उचलू नये अशी खूण करावी लागते. याच ओळीत वरची मर्यादाही घालू नका. घातलीत की नव्या पायथॉनवरचा पिप मर्यादा नसलेली एखादी पुराणी आवृत्ती शोधून आणतो.

आणि सपोर्ट काढण्याआधी साचलेल्या दुरुस्त्यांची एक रिलीज करून टाका. जुन्या पायथॉनवर अडकलेले लोक पुढे वर्षानुवर्षं तीच वापरणार आहेत.