चित्रं सुंदर, आवाज ठीक, पण प्लेगची गोष्ट चुकीची (५ पैकी २ स्टार)

मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला हे बटण दाबलं की गाणं वाजणारं इंग्लिश ऱ्हाइम्सचं पुस्तक ऑनलाइन मागवलं, ७४९ ला पडलं. बारा ऱ्हाइम्स आहेत आणि शेवटच्या खिशात प्रत्येक ऱ्हाइमचं एक कार्ड, ज्यावर त्या गाण्यामागचं "खरं रहस्य" छापलंय. मी खरं तर त्या कार्डांसाठीच घेतलं, कारण आपण सगळ्यांनी ही गाणी बालवाडीत अर्थ न कळता घोकली, वाटलं हिला तरी कळेल आपण काय म्हणतोय ते.

पुस्तक म्हणून चांगलं आहे. चित्रं खरंच सुंदर, पुठ्ठा जाड, धाकट्याने दोन कोपरे चावले तरी काही झालं नाही. आवाज जरा चिरका आहे पण शब्द स्वच्छ ऐकू येतात. सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं, घरात रांगतं बाळ असेल तर हे बघूनच घ्या, बटण सेल गिळला गेला तर जिवावर बेततं.

आता कार्डं. रिंगा रिंगा रोझेसच्या कार्डावर चोचीचा मुखवटा घातलेला काळ्या कपड्यातला माणूस आहे आणि लिहिलंय की हे गाणं १६६५ च्या लंडनच्या प्लेगचं, रोझेस म्हणजे अंगावरचे लाल चट्टे, पोझीज म्हणजे रोग लागू नये म्हणून खिशात ठेवलेली फुलं, मग "अटिशू" अशी शिंक येते (इंग्लंडमध्ये मुलं "हुशा बुशा"च्या जागी हे म्हणतात) आणि सगळे मरून पडतात. मुलीने हट्ट केला म्हणून मी ते मराठीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बागेत मुली गोल धरून हिला बोलवत होत्या आणि ही दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी. म्हणाली, "आई, खाली बसलं की मरतात ना?" पोटात कालवलं अगदी.

त्या रात्री बसून शोधलं आणि राग आला, कारण ही गोष्ट टिकतच नाही. इंग्लंडमध्ये हे गाणं छापून आलं ते १८८१ मध्ये, केट ग्रीनअवेच्या चित्रांच्या पुस्तकात, म्हणजे प्लेगनंतर दोनशे सोळा वर्षांनी. अमेरिकेत १७९० च्या सुमाराला मुलं हे म्हणायची असं एका अभ्यासकाने नंतर नोंदवलंय, ते धरलं तरी सव्वाशे वर्षांचं अंतर राहतंच. सॅम्युअल पेपीस नावाचा माणूस प्लेगच्या वर्षी लंडनमध्ये रोजची डायरी लिहीत होता, त्यात या गाण्याचा पत्ता नाही. प्लेगचा हा अर्थ पसरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि आयोना आणि पीटर ओपी या ऱ्हाइम्सवर आयुष्य घालवलेल्या जोडप्याने १९५१ मध्येच त्यावर शंका घेतली होती. शिंकेचं म्हणाल तर प्लेगमध्ये गाठी येतात, आपल्याकडे गाठीचा ताप म्हणायचे ते उगाच नाही. आणि ग्रीनअवेच्या त्या छापील गाण्यात शिंक नाहीच, तिथे "हश हश" आहे! आपली मुलं "हुशा बुशा" म्हणतात, मला तरी ते त्याच्याच जवळचं वाटतं.

हम्प्टी डम्प्टीच्या कार्डावर लिहिलंय की हम्प्टी म्हणजे इंग्लंडमधल्या कोलचेस्टर गावाच्या १६४८ च्या वेढ्यातली तोफ. त्यालाही पुरावा नाही, आणि त्या नादात खरी गंमत राहूनच गेली. हे मुळात कोडं आहे! गाण्यात अंड्याचा शब्दच नाही, उत्तर ओळखायचं असतं, चित्रात अंडं काढून आपण उत्तर आधीच फोडतो. मी चित्रावर हात ठेवून सासूबाईंना मराठीत घातलं, भिंतीवर बसला, खाली पडला, राजाची सगळी घोडी नि माणसं आली तरी जोडता आला नाही, तो कोण? त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "अंडं की गं." मुलगी तेव्हापासून येईल त्याला हे कोडं घालते.

ट्विंकल ट्विंकलची चाल मोझार्टची असं छापलंय, तेही चूक. चाल जुनी फ्रेंच, मोझार्टने तिच्यावर व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच चालीची वेगवेगळी रूपं, रचली, आणि शब्द जेन टेलरचे, १८०६ चे. बा बा ब्लॅक शीपला थेट १२७५ च्या लोकरीवरच्या कराशी जोडलंय, गाणं मात्र छापलेलं सापडतं १७४४ च्या आसपास.

सगळ्यात वाईट वाटलं ते मेरीच्या कोकराचं. त्या कार्डावर फक्त "एका मुलीची गोष्ट" एवढंच. अहो, ही कविता सारा हेल या अमेरिकन लेखिकेने १८३० मध्ये छापली, आणि १८७७ मध्ये एडिसनने आपल्या नव्या फोनोग्राफवर आवाज पकडून बघितला तेव्हा तो हेच शब्द बोलला होता. बटण दाबलं की बोलणाऱ्या पुस्तकात हे नसावं? मुलीला सांगितलं तर तिने मेरीचं बटण लागोपाठ सहा वेळा दाबलं.

विक्रेत्याला मेसेज केला, "कार्डं फक्त मनोरंजनासाठी आहेत" असं उत्तर आलं. मग खोक्यावर "खरं रहस्य" कशाला लिहायचं? दोन स्टार चित्रांचे आणि पुठ्ठ्याचे. परत केलं नाही, कार्डं तेवढी कपाटात वर ठेवली आहेत. बागेत परत हात धरायला चार दिवस लागले. प्लेगचं कार्ड बदललं तर भाचीसाठी आणखी एक घेईन.