कर्करोग रुग्णालयातील नर्स नॅव्हिगेटर सेवा : एका वर्षाचा अनुभव

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि पुण्यातील एका खासगी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. हा अभिप्राय तेथील डॉक्टरांविषयी नसून, नोंदणीच्याच दिवशी आम्हाला नेमून दिलेल्या नर्स नॅव्हिगेटर सिस्टरांच्या सेवेविषयी आहे.

शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचे तज्ज्ञ वेगळे, तपासण्यांच्या खिडक्या वेगळ्या, विम्याचा विभाग वेगळा. या सगळ्यांच्या मधल्या जागेत फाइल अडकते आणि तिच्याबरोबर रुग्णही. त्या मधल्या जागेवर लक्ष ठेवणे, हे या सिस्टरांचे काम. बायोप्सीच्या अहवालात हर-टू या, काही स्तनकर्करोगांत प्रमाणाबाहेर वाढणाऱ्या प्रथिनापुढे ‘2+’ अशी नोंद होती. ती संदिग्ध मानली जाते आणि अशा वेळी त्याच नमुन्यावर फिश ही हर-टूच्या जनुकाची चाचणी करावी लागते; पण ती लिहून द्यायची राहून गेली होती. ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे सगळे तज्ज्ञ मिळून उपचार ठरवतात त्या बैठकीआधी फाइल वाचताना सिस्टरांच्या ते लक्षात आले, त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली आणि बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) प्रयोगशाळेत पाठवला. चाचणी पॉझिटिव्ह आली, त्यामुळे उपचारांत ट्रास्टुझुमॅब या हर-टूवर नेमका मारा करणाऱ्या औषधाची भर पडली, आणि ते हृदयावर परिणाम करू शकत असल्याने दर तीन महिन्यांच्या इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) तारखाही सिस्टरांनीच लावून दिल्या. आम्हा घरच्यांपैकी कोणालाही त्या ‘2+’चा अर्थ कळला नसता.

पहिल्या केमोआधी त्यांनी आमच्या हाती एक कार्ड दिले होते : ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाल्यास घरी गोळी देऊन वाट पाहू नये, थेट आपत्कालीन विभागात यावे आणि केमो चालू असल्याचे आधी सांगावे. केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर (फेरीनंतर) एका रविवारी रात्री तसा ताप आला. पांढऱ्या पेशींचे काउंट फारच खाली गेले होते आणि कार्ड पाहताच प्रतिजैविके वेळ न दवडता सुरू झाली.

सासूबाई डॉक्टरांपुढे गप्प बसत, सिस्टरांपाशी मात्र मोकळ्या होत. नातवाला उचलून घेऊ का, हा त्यांचा प्रश्न आम्हालाही ठाऊक नव्हता. ‘आई, खुशाल घ्या, फक्त त्याला सर्दी-ताप असेल तेव्हा नको,’ या उत्तराने त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

या कामाची सुरुवात डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी 1990 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये केली, ती गरीब रुग्णांचा, तपासणीत संशयास्पद काही आढळल्यापासून उपचारांपर्यंतचा खोळंबा दूर करण्यासाठी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अशा प्रशिक्षित मार्गदर्शकांना ‘केवट’ म्हणतात. रामाला गंगा पार करून देणाऱ्या नावाड्याचे हे नाव मला फार समर्पक वाटते. केवट परिचारिकाच असतात असे नाही. आमच्या सिस्टर मात्र परिचारिका असल्यामुळे अहवाल आणि लक्षणे दोन्ही वाचू शकत होत्या, आणि आम्हाला त्याचाच सर्वाधिक उपयोग झाला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. एकाच सिस्टरांकडे इतके रुग्ण होते की दुपारनंतर फोन लागणे कठीण होई आणि रविवारी तो बंदच असे; तापाच्या त्या रात्री कार्ड नसते, तर आम्ही सकाळची वाट पाहत बसलो असतो. विम्याच्या मंजुरीत त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. याहून मोठी उणीव अशी, की रेडिएशन आणि ट्रास्टुझुमॅबची वर्षभराची इंजेक्शने संपताच ही सेवाही संपली. त्यानंतर लेट्रोझोल या, कर्करोग परत येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या हार्मोनरोधक गोळ्यांनी सांधे इतके दुखू लागले, की सासूबाईंनी आम्हाला न सांगता तीन आठवडे त्या घेतल्याच नाहीत. या गोळ्या किमान पाच वर्षे घ्यायच्या असतात. निदान त्यांचे पहिले वर्ष तरी महिन्याला सिस्टरांचा एक फोन यावा, अशी लेखी विनंती मी रुग्णालयाला केली आहे.