मिरर सिमेट्रीचा ऑनलाइन कोर्स: मधला भाग जबरदस्त, शेवट उरकलेला

मिरर सिमेट्री (दोन भौमितिक जागांची अशी जोडी की एकीवरचा अवघड हिशोब दुसरीवर सोपा होतो) आणि कर्व्ह काउंटिंग (जागेवर किती वक्र बसतात ते मोजणं) यांचा रेकॉर्डेड कोर्स नुकताच संपवला, प्लॅटफॉर्मचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत.

सुरुवात क्विंटिक थ्रीफोल्डपासून, म्हणजे पाच घाताच्या एका समीकरणातून येणारी तीन मितींची जागा, आणि प्रश्न इतकाच की तिच्यावर सरळ रेषा किती बसतात. २८७५, हे एकोणिसाव्या शतकातच काढलेलं. कॉनिक, म्हणजे दोन घाताचे वक्र, ६०९२५०, ते कात्झने १९८६ मध्ये काढले. आणि मग १९९१ मध्ये कांदेलास आणि मंडळी, स्ट्रिंग थिअरीवाले, थेट सांगतात की क्यूबिक, म्हणजे तीन घाताचे वक्र ३१७२०६३७५! एलिंग्सरूड आणि स्ट्रोम या गणितज्ञांचं उत्तर वेगळं होतं, पण चूक निघाली त्यांच्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये. हा किस्सा सरांनी असला रंगवून सांगितलाय ना, तेवढं लेक्चर परत बघितलं.

पण पैसे खरे वसूल होतात ते मधल्या भागात. वक्र मोजायचे क्विंटिकवर आणि हिशोब करायचा तिच्या मिररवर, म्हणजे जोडीतल्या दुसऱ्या जागेवर, तिथे (५n)! भागिले (n!)चा पाचवा घात या सहगुणकांची सिरीज येते, १, १२०, ११३४००... ती एका चौथ्या ऑर्डरच्या डिफरन्शियल इक्वेशनचं सोल्यूशन, दुसरं सोल्यूशन लॉगवालं, दोघांच्या गुणोत्तरातून नवीन व्हेरिएबल q काढायचा आणि सगळं त्यात लिहायचं. मग सिरीज येते ५, पुढे २८७५q, पुढे ४८७६८७५q². हा शेवटचा आकडा म्हणजे कॉनिक नव्हेत हं, त्यात प्रत्येक रेषेचं दुहेरी आवरणही (त्याच रेषेवरून दोनदा फिरणारा वक्र) घुसलेलं असतं, म्हणून २८७५ वजा करा, ८ ने भागा, आणि ६०९२५० हजर. हे सर फळ्यावर एकेक पायरी करत दाखवतात, कुठेही "हे सोपं आहे" म्हणून पळ काढत नाहीत.

आता रडगाणं. या आकड्यांची गिवेंटलची १९९६ ची सिद्धता निदान ढोबळमानाने तरी येईल वाटलं होतं, तर त्यातली लोकलायझेशन ही युक्ती म्हणजे काय एवढं सांगून "बाकी वाचून घ्या". कोंत्सेविचची होमोलॉजिकल मिरर सिमेट्री (याच कल्पनेचं जास्त अमूर्त रूप) शेवटच्या एका लेक्चरमध्ये कोंबलीय, तिच्यातल्या फुकाया कॅटेगरी या मुख्य रचनेची व्याख्या स्क्रीनवर आली आणि लिहून घ्यायच्या आत गेली पण. सबटायटल्स तर ऑटोमॅटिक, नावांचं पार वाटोळं. स्वाध्यायांची उत्तरं कुठेच नाहीत, सपोर्टला विचारलं तर "लवकरच" असा मेल येतो आणि मग सामसूम.

कोहोमॉलॉजी (जागेचा आकार बीजगणिताने पकडायची पद्धत) नुसती ऐकून माहीत असेल तर इतक्यात घेऊ नका, तिसऱ्या लेक्चरला हॉज नंबर, म्हणजे तिच्यातून निघणारे जागेचे ओळख-आकडे, येतात (क्विंटिकचे १ आणि १०१, मिररचे उलटे) आणि तिथेच गाडी अडते. ज्यांचं ते झालंय त्यांनी बिनधास्त घ्या, फक्त q चा हिशोब वही घेऊन स्वतः करा, q³ पर्यंत तरी.

पाचपैकी साडेतीन.