घरच्या पाएयासाठी तांदूळ कोणता: बोम्बा की सेनिया?

पसरट कढई मिळाली, केशर आणलं, कोंबडी आणि शेंगांचा बेत ठरला, की पाएया हा स्पॅनिश भात करणारा अडतो तो तांदळापाशी. इथे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात दुकानाच्या फळीवर बोम्बा आणि सेनिया शेजारी शेजारी असतात. दोन्ही आखूड दाण्याचे, दोन्ही अल्बुफेरा सरोवराच्या काठच्या खाचरांतले असू शकतात. पण बोम्बाची किंमत जवळजवळ दुप्पट. बोम्बाचं रोप उंच वाढतं, वाऱ्यापावसात आडवं होतं आणि उतारा कमी देतं, म्हणून तो महाग. मी पहिली दोन वर्षं सेनियाच वापरला, त्यामुळे आधी त्याच्याबद्दल.

चवीला सेनिया सरस आहे, हे मी आजही मान्य करतो. रश्श्यात जे असेल ते तो शितात ओढून घेतो. टोमॅटो-तेलात परतलेलं मांस, पिमेंतोन म्हणजे इथली लाल मिरचीची पूड, केशर, रोझमेरीची एक काडी, सगळं त्या भातात उतरतं. भात जरा लुसलुशीत होतो, आपल्या इंद्रायणीच्या अंगाने जाणारा. आमच्या शेजारच्या आजी आयुष्यभर सेनियाच शिजवत आल्या आहेत आणि त्यांच्या हातची पाएया खाल्ली की बोम्बावर पैसे का घालवायचे असं वाटावं. पण त्यांच्याकडे एक शिस्त आहे. तांदूळ कढईत पडला की सगळे टेबलाशी येऊन बसतात. कोणी खाली गाडी लावत असेल तर त्याच्यासाठी थांबत नाहीत.

आमच्या घरी हे जमत नाही. रविवारी दोन-तीन मराठी कुटुंबं येतात, लहान मुलं असतात, कोणीतरी फोनवर ‘पाच मिनिटांत पोचतोच’ म्हणतं. सेनियाला ती पाच मिनिटं सोसत नाहीत. सोळाव्या-सतराव्या मिनिटाला अगदी हवा तसा असतो, आणि विसाव्याला शिताची टोकं फुटायला लागतात. झाकून ठेवला तर आतल्या वाफेनेच गिचका होतो. एकदा गारोफोच्या, म्हणजे इथल्या मोठ्या पांढऱ्या वालासारख्या शेंगा सोलण्यापासून सकाळभर खपून केलेली पाएया मी पाहुण्यांना अक्षरशः खिचडीसारखी वाढली. सगळ्यांनी आवडीने खाल्ली, पण मला फार लागलं.

तरीही मी सेनिया सोडला तो उशिरा येणाऱ्या पाहुण्यांमुळे नाही. सोडला तो खरवडीमुळे. तळाशी जो तांबूस, कुरकुरीत थर धरतो, ज्याला इथे सोकारात म्हणतात, त्याच्यासाठी आमच्या घरी मुलं चमचे घेऊन उभी असतात. तो धरायचा तर पाणी आटल्यावर शेवटी मिनिट-दीड मिनिट आच वाढवावी लागते. कढईला कान लावावा, तडतड ऐकू येते. मग भाजल्याचा वास येतो, आणि तिथेच गॅस बंद. सेनियाच्या बाबतीत तेवढ्यात वरचा भात हातचा जातो. वरचा भात सांभाळला तर खाली खरवड नाही, खरवड धरली तर वर लगदा. आजी लाकडाच्या जाळावर दोन्ही साधतात. घरच्या गॅसवर, जिथे आच मधोमध जास्त आणि कडेला कमी, तिथे मला ते दहातून दोनदा साधलं असेल.

बोम्बात ही ओढाताण नाही. त्यात अमायलोज नावाचा स्टार्च जास्त, त्यामुळे शीत फुगतं पण फुटत नाही आणि एकमेकांना चिकटत नाही. अठरा मिनिटांनी तयार असतो, बाविसाव्या मिनिटालाही मोकळाच असतो. आच वाढवून मी निर्धास्त उभा राहतो. फडक्याखाली पाच मिनिटं मुरवला तरी काही होत नाही, दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्याच्या ताटातही शितं सुटी पडतात.

त्याच्या बदल्यात दोन गोष्टी कराव्या लागतात. एक म्हणजे पाणी जास्त. चारशे ग्रॅम सेनियाला मला साधारण लिटरभर रस्सा पुरायचा, बोम्बाला सव्वा लिटर, कधी थोडा वरही. इथली जुनी पद्धत अशी, की उकळत्या रश्श्यात तांदळाची शेताच्या बांधासारखी आडवी ओळ टाकायची आणि ती पाण्याच्या किंचित वर दिसली की माप बरोबर समजायचं. बोम्बाला ते माप कमी पडतं. मी पळीभर गरम रस्सा बाजूला ठेवतो. दुसरं, रस्सा जरा चढा हवा, मीठही चिमूटभर जास्त. पाणचट रश्श्यात बोम्बा कोराच राहतो. महाग तांदूळ आणूनही चव नाही अशी तक्रार ज्यांची असते, त्यांचं बहुतेक इथेच चुकतं, असं मला वाटतं.

तांदूळ कोणताही घ्या, धुऊ नका आणि कढईत पडल्यावर ढवळू नका. पुण्याला गेलो असताना आईचा हात सवयीने तांदूळ धुवायला गेला, तो मी धरला. त्याच सुट्टीत एकदा आंबेमोहोरावर प्रयोग केला होता. वास सुंदर आला, पण बाराव्या मिनिटालाच भात बसला. तेव्हापासून बॅगेत बोम्बाचं किलोभराचं पाकीट असतं.

तुमच्याकडे जेवायला बसणारी माणसं चारच असतील, वेळेवर येत असतील आणि चमच्याने खरवडायची कोणाला घाई नसेल, तर सेनिया घ्यायला काहीच हरकत नाही. माझ्या कपाटातही त्याचं पाकीट असतंच. मातीच्या पसरट भांड्यात चणे, बटाट्याच्या चकत्या आणि मधोमध लसणाचा अख्खा गड्डा ठेवून ओव्हनमध्ये भात करतात, तो मी अजून सेनियाचाच करतो.